निळी नाली

बेबीताई गजभियेंच्या दारासमोर जे साचायचं त्याला पाणी म्हणणं हा पाण्यावर अन्याय होईल. वरच्या ओळीतल्या साऱ्या न्हाण्या त्यात होत्या, भांड्यांचं खरकटं होतं, लंगोटांची धुवण होती, आणि काही घरांच्या संडासाच्या टाक्यांनीही आपला वाटा गाजावाजा न करता उचलला होता. वर तेलकट साय धरायची. उन्हाळ्यात ती वाळून तडकायची आणि तिच्यावर डुकरांचे खूर छापल्यासारखे उमटायचे.

भिलाईतल्या कोहक्याच्या मागे वसलेल्या त्या कॉलनीची जमीन एका अंगाला उतरती होती आणि उताराच्या तळाशी बेबीताईंचं घर होतं. त्यापुढे मोकळी जागा, आणि तिच्याही पलीकडे नाला. उतार जात पाहत नाही हे खरं आहे. पण प्लॉट विकणारा पाहत असे. गजभिये नाव ऐकल्यावर वरच्या ओळीतले प्लॉट एकाएकी बुक झालेले निघाले होते.

बेबीताई पवनीकडच्या. सत्तर सालच्या आसपास लग्न होऊन भिलाईला आल्या. नवरा चंपत पोलादाच्या प्लँटमध्ये, राहायला प्लँटच्याच सेक्टरमधलं क्वार्टर. तिथे नळ होता, नाली होती, आणि नाली तुंबली तर तक्रार लिहायची सोय होती. लिहिलं की दोन-चार दिवसांत खांद्यावर बांबू घेतलेला माणूस यायचा. सरकार ही लिहिल्यावर येणारी वस्तू आहे असा त्यांचा त्यामुळे समज झाला. रिटायर होऊन क्वार्टर सोडणाऱ्या प्रत्येकाचा तो असायचा, आणि बाहेर घर बांधल्यावर पहिल्या पावसाळ्यात उतरायचा. बेबीताईंचा मात्र उतरायला वेळ लागला.

त्यांची दुसरी ओळख रांगोळी. चौदा एप्रिलला सेक्टरच्या विहारापुढे त्यांची रांगोळी पाहायला इतर सेक्टरांतून माणसं यायची. त्यांचा एक नियम होता. जमिनीवर चांगलंच काढायचं. एकदा कोण्या कार्यकर्त्याने अन्यायाचं चित्र काढा म्हणून सुचवलं, तर त्या म्हणाल्या, "अन्याय रोजच दिसते भाऊ. सणाले कावून त्याले बोलवता?"

नव्या घराच्या अंगणात विहीर होती. बेबीताईंना त्या घरातलं एवढंच खरोखर आवडलं होतं. सुरुवातीला तिचं पाणी गोड होतं. मग दारासमोरचं डबकं जमिनीतून हळूहळू तिकडे सरकू लागलं. आधी वास आला, मग रंग. चंपतचं नाक तपकिरीने केव्हाच निकामी केलं होतं, त्यामुळे घरात तेवढा एकच माणूस समाधानी होता. "तुलेच वास येते," तो म्हणायचा. "मले तर नाही येऊन राहिला." वरच्या ओळीला नळ होता. नळाचा पाइप तळापर्यंत पोचला नव्हता. पाणी वर चढतं, खाली उतरत नाही, असं काहीतरी शास्त्र त्यामागे असावं. विहीर गेली की पाण्यासाठी वरच्या ओळीच्या दारात घागर घेऊन उभं राहायचं, हे बेबीताईंना ठाऊक होतं. त्यासाठी त्या भिलाईला आल्या नव्हत्या.

शहाण्णव साली वस्तीची कामं पाहणाऱ्या कार्यालयाला जनता सापडली. आजवर योजना कार्यालयात बनत आणि फसत. आता त्या लोकांनीच बनवायच्या होत्या, म्हणजे फसल्या तर त्याही लोकांच्याच. जीप आली, उपयंत्री म्हणजे ज्युनियर इंजिनियर उतरले, मागून दोन बॅनर उतरले. कॉलनीतर्फे भय्याजी पुढे झाले. प्लँटमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले भय्याजी कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष होते. समितीत दुसरं कोण आहे हे कोणाला नक्की माहीत नव्हतं, पण अध्यक्ष आहेत म्हणजे समिती असणारच.

उपयंत्री म्हणाले, "कागज-पेन्सिल कुछ नहीं. आप लोग ज़मीन पर अपनी बस्ती बनाइए. जो है, जो चाहिए, सब. महिलाएँ बनाएँगी."

"रांगोळीची बाई आहे ना आमच्याकडे," भय्याजी म्हणाले आणि खाली माणूस पाठवला. कॉलनी झाल्यापासून तळाच्या घराला वरून आलेलं ते पहिलं आमंत्रण.

बेबीताईंनी भय्याजींच्या अंगणात कॉलनी उतरवली. घरं लाल, रस्ते पांढरे, झाडं हिरवी, प्रत्येकाच्या दारात एकेक फूल. भय्याजींच्या पत्नी वसुंधराबाई शेजारी बसून मदत करत होत्या, म्हणजे डबे सरकवत होत्या. शेवटी बेबीताईंचा हात स्वतःच्या दाराशी येऊन थांबला.

"डबकं काढा ना तिथलं," वसुंधराबाई म्हणाल्या. "काळा रंग आहे."

"रांगोळीत घाण काढते का वो कोणी?"

"मग काय काढता?"

"जे पायजे ते. सायेबच म्हणाले ना."

जयंतीचा निळा रंग डब्यात भरपूर उरला होता. बेबीताईंनी आपल्या दारापासून मोकळ्या जागेतून थेट नाल्यापर्यंत एक निळी नाली ओढली, दोन्ही काठांना पांढरी किनार दिली, आणि हौस म्हणून मध्ये एक कमळ सोडलं. इतकी सुरेख नाली तेव्हाच्या साऱ्या मध्यप्रदेशात नसेल.

मग नकाशा समजावून सांगायची वेळ आली, तेव्हा नकाशा काढणाऱ्या बायका चहा करायला गेल्या होत्या.

"ये नीला क्या है?" उपयंत्र्यांनी विचारलं.

"नाली है सर," भय्याजी म्हणाले.

"पक्की?"

"देखिए ना, दोनों तरफ़ किनारा है."

जमलेल्यांपैकी कोणी खोकलं, कोणी आभाळाकडे पाहिलं. नाली असली तर पैसा दुसऱ्या कामाला मिळतो हे प्रत्येकाला कळत होतं, आणि वास वरच्या ओळीत फक्त वारा उलटा फिरला तरच यायचा. खाली जाऊन डोळ्यांनी पाहायचं तर जीप जात नव्हती आणि उपयंत्र्यांचे बूट नवे होते. नकाशाचा फोटो निघाला. नाली आहे, अशी नोंद झाली. जनतेची इतर काय गरज आहे असं विचारल्यावर जनतेला मंच हवा असल्याचं भय्याजींनी सांगितलं. गणपती, भागवत, पंधरा ऑगस्ट. मंच बेबीताईंच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत व्हायचा ठरला. सर्वानुमते. बेबीताई चहा घेऊन आल्या तेव्हा टाळ्या चालल्या होत्या. आपल्या नालीसाठीच आहेत असं वाटून त्या हसल्या.

खरं काय ते त्यांना मुरुमाच्या गाड्या आल्यावर कळलं. त्या वर गेल्या. भय्याजी व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"भय्याजी, ते मंच बांधून राहिले, तिथूनच तर नाली जाणार होती."

"जातेच आहे ना बेबीबाई. मंचाच्या खालून जाते."

"खालून कुठून? मुरूम भरून राहिले ते."

"नकाशात जाते. नकाशा तुमचाच आहे."

"मी तर व्हावी म्हणून काढली."

"मग तसं लिहायचं होतं खाली."

"रांगोळीत?"

भय्याजींनी पेपराचं पान उलटलं. "बसा, चहा घ्या," असं ते म्हणाले नाहीत. बेबीताई उन्हातूनच खाली उतरल्या. मग त्यांनी कार्यालयात अर्ज दिला. उत्तर आलं नाही, पण बाबू तोंडी म्हणाला की बनलेली नाली पुन्हा बनवता येत नाही, ऑडिट पकडतं. विहिरीचं पाणी त्या पावसाळ्यात पार पिवळं झालं. चंपतलाही मग पोट धरून बसावं लागलं. नाक फसलं तरी आतडी फसली नाहीत.

दिवाळीच्या आधी मंच तयार झाला. पिवळा रंग, निळी पाटी, पाटीवर जनसहयोग हा शब्द भय्याजींच्या नावापेक्षा थोडा लहान. लोकार्पणाला उपयंत्री येणार होते आणि त्यांच्यासोबत मोठे साहेब. वसुंधराबाई स्वतः खाली उतरल्या, पदर नाकाला लावून.

"बेबीताई, रांगोळी तुमचीच पायजे. साहेबांनी आठवण काढली. तोच नकाशा काढा म्हणतात."

"तोच काढू?"

"तोच. रंग आणून देऊ का?"

"नाही. रंग हाय घरचा."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बेबीताईंनी पदर खोचला आणि घमेलं घेऊन स्वतःच्या दारासमोरच्या डबक्यात उतरल्या. पंचवीस वर्षांत नियम मोडायची ही पहिलीच वेळ होती, पण मोडायचा तर नीट मोडायचा. पाणी निथळवून त्यांनी खालचा गाळ तेवढा घेतला. मंचापुढच्या जागेत त्याचे ठिपके ओळीने टाकले, आणि बोटाने घरं ओढली. हात तसाच सफाईचा. प्रत्येक घरापासून निघणारा ओघळ दाखवला, कोणाच्या टाकीतून काय येतं तेही, आणि शेवटी स्वतःच्या दाराशी जिथे सारं येतं तिथे घमेलं उपडं केलं. त्यात कमळ नव्हतं. एक तुटकी चप्पल होती. ती डबक्यातून आपोआप आली होती, त्यांनी काढली नाही.

चंपत दारात उभा राहून म्हणाला, "काय करून राहिली वो?"

"नकाशा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ना. नकाशा मायावाला कावून, त्याहीचाच हाय."

भय्याजी आले तेव्हा जीप वळणावर दिसत होती. धुवायला वेळ नव्हता आणि पाणी आणायचं तर विहिरीचंच. त्यांनी हेडक्लार्कला शोभेल असा निर्णय घेतला. सतरंजी टाकली. सतरंजीवर खुर्च्या मांडल्या. पाहुणे बसले, हार झाले, भाषण सुरू झालं. लोकांनी आपली गरज स्वतः ओळखणं म्हणजे काय याचं ही वस्ती उदाहरण आहे, असं मोठे साहेब सांगत असताना सतरंजी खालून ओली होत होती. आधी बूट चिकटले. मग पहिल्या रांगेतले रुमाल निघाले, मग दुसरीतले. एका बाईने तोंडातला पेढा हळूच हातात काढला आणि कुठे टाकावा ते न सुचून मुठीत धरून बसली.

"यहाँ नाली की सफ़ाई नहीं होती क्या?" साहेबांनी माइक झाकून विचारलं.

इथे भय्याजींपुढे दोन वाक्यं होती. नाली नाही हे एक. ते म्हणण्यासाठी मंचावर उभं राहून मंच पाडावा लागला असता.

"होती है सर," ते म्हणाले. "इस महीने रह गई."

साहेबांनी तिथेच, माइकवरून, दर सोमवारी सफाईचा आदेश दिला. टाळ्या बसूनच झाल्या. उठायची कोणाची तयारी नव्हती.

सोमवारी बिसाहू नावाचा सफाई कामगार फावडं आणि घमेलं घेऊन आला. सगळीकडे फिरला. शेवटी बेबीताईंच्या फाटकाशी आला आणि नाली कुठे आहे ते छत्तीसगढीत विचारू लागला.

"दाई, नाली कोन मेर हे? मोला साफ करे बर भेजे हें."

बेबीताईंनी त्याच्याकडे पाहिलं, फावड्याकडे पाहिलं. "मिट्टी भर गई ना बाबू," त्या हिंदीत म्हणाल्या, "दिखती नहीं. यहाँ से शुरू है." आणि त्याच्या हातून फावडं घेऊन त्यांनी आपल्या दारापासून नाल्याच्या दिशेने एक सरळ रेघ ओढली.

बिसाहू काही मूर्ख नव्हता. पण सफाईचा आदेश होता आणि खोदण्याला बंदी कुठे लिहिली नव्हती. दर सोमवारी तो थोडी नाली साफ करी. दुपारी बेबीताई त्याला भाकर आणि झुणका देत, आणि वरच्या ओळीतून मागून आणलेलं पाणी. थंडी सरेपर्यंत नाली मंचाच्या मागच्या भिंतीपर्यंत साफ झाली. तिथे मुरूम लागला. बिसाहूने फावडं टेकवलं. "आगू तो नई हे, दाई."

"हाय ना," बेबीताई म्हणाल्या. "मंचाच्या खालून जाते. भय्याजीले इचार."

कोणी विचारलं नाही. डबकं मात्र उठून चालू लागलं. बेबीताईंच्या दारापासून निघून सारी कॉलनी मंचापाशी आली आणि भिंतीला धडकून दोन्ही अंगांनी पुढे पसरली, पायऱ्यांपर्यंत. रामनवमीचं भागवत तिथेच ठेवलं होतं. महाराज नागपूरहून आले, जीपमधून एक पाय खाली ठेवला आणि परत वर घेतला. डुकरं मात्र वेळेवर आली होती. मंचाच्या आडोशाला सावली चांगली होती.

त्या आठवड्यात भय्याजींनी तातडीची सभा बोलावली. नाली ही वस्तीची पहिली गरज असल्याचं सर्वानुमते ठरलं. भय्याजींचा आवाज खरोखर भरून आला होता. अशा घाणीत माणसं राहतात कशी, असं त्यांनी विचारलं.

उपयंत्री पुन्हा यायचे होते. वसुंधराबाई पुन्हा खाली उतरल्या.

"बेबीताई, नकाशा काढायचा आहे. ह्या वेळेस डबकं नीट दाखवा हो. मंचाजवळ."

बेबीताई विहिरीवर होत्या. पाणी उपसून उपसून त्या अंगणात ओतत होत्या. अजून पिवळंच होतं, पण आता त्यात नवी घाण उतरत नव्हती. एखादा पावसाळा गेल्यावर कदाचित निवळणार होतं.

"मी नाही येत," त्या म्हणाल्या.

"अहो, पण कॉलनीचं काम आहे."

"हाव ना. तुमच्याच अंगणात काढा. काळा रंग हाय तुमच्याकडे."

आणि त्यांनी बादली पुन्हा आत सोडली.