आबांच्या नावाची नोटीस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला तर मुळीच नाही, कारण तिच्यासाठीच हे केलं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला समजावत आलो. ते खोटं आहे. माझ्यासाठी केलं.

मी गडमुडशिंगीचा, कोल्हापुरात एका शाळेत मराठी शिकवतो. समानार्थी शब्दांचा धडा आला की पोरं धडाधडा सांगत सुटतात — नाकारणे, झिडकारणे, अव्हेरणे, हात झटकणे. मी फळ्यावर लिहितो आणि वर्गाकडे पाठ करून उभा राहतो, जरा जास्तच वेळ. यातलं कुठं काय वापरायचं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

माझी अक्का — माझ्याहून दोन वर्षांनी मोठी — घरात न सांगता आजऱ्याच्या एका मुलाशी लग्न करून गेली. मुलगा दुसऱ्या जातीचा, एवढंच. आबा, आमचे वडील, तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी भडकले आणि म्हणाले, पेपरात नोटीस दे, आमचा तिचा संबंध नाही म्हणून. तसल्या नोटिशी तुम्हीही वाचल्या असतील, छोट्या जाहिरातींत, 'घर भाड्याने देणे आहे'च्या खाली. घरात भाषा माझी चांगली, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

काय जीव लावून लिहिली मी ती! 'संबंध राहिलेला नाही' — मिळमिळीत वाटलं. 'नाते तोडले आहे' — त्यात नातं होतं याची कबुली होती. खोडलं. शेवटी लिहिलं, 'ती आम्हांस मयत आहे.' खाली आबांचं नाव. त्यांनी न वाचताच सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो, तर आबा गोठ्यातून हाका मारत आले. "लेक हाय रं माझी. छापाय नगं ते." मी बरं म्हणालो.

आणि सरळ पेपरच्या ऑफिसात जाऊन कागद देऊन आलो.

का? शिरोळच्या एका घरी माझं लग्न ठरत होतं. पाव्हण्यांचा निरोप आला होता — पळून गेलेल्या पोरीला घरात घेणार असाल, तर आपलं जमायचं नाही. मला ती मुलगी आवडली होती. बस. याच्यापलीकडे काही नाही — असतं तर सांगितलं नसतं का?

नोटीस छापून आली. आबांनी वाचली, चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं. खरं बाहेर पडलं तर माझं लग्न मोडेल, म्हणून गप्प बसले — पुढं जन्मभर. गाव त्यांना दगडाच्या काळजाचा बाप म्हणायचं. ते मान खाली घालून ऐकायचे, आणि मी शेजारी बसून ऐकायचो. लाज वाटत होती. तरी बसायचो.

मागच्या वर्षी आबा गेले. अक्का आली नाही. बाराव्यानंतर तिचा फोन आला, इतक्या वर्षांत पहिलाच. तिनं एकच विचारलं.

"मयत हाय, असं आबाच म्हणालं हुतं?"

आता काय अडलं होतं माझं? आबा नव्हते. माझा संसार वीस वर्षांचा झाला होता. भ्यायचं ते कुणाला?

"व्हय," मी म्हणालो. "आबाच म्हणालं."