बाबांचं कन्फेशन

आमच्या घरात देव एकच होता, पण त्याच्याशी बोलायच्या तऱ्हा तीन होत्या आणि तिघांनाही आपलीच तऱ्हा खरी वाटायची.

माई मूळची गोव्याची. संध्याकाळी सात वाजले की ती तेर्स म्हणायला बसे. तेर्स म्हणजे कोकणीतली जपमाळ. पन्नास वेळा 'नमान मारिये', म्हणजे मरियेला वंदन, आणि शेवटी तिच्या नावांची लांबलचक लदिन. मध्येच दूध उतू गेलं तरी ती उठायची नाही, फक्त नमान म्हणायचा वेग वाढायचा. बाबा नगरकडच्या एका खेड्यातले. तेही कॅथलिकच, पण भजनावर वाढलेले. हातात टाळ असल्याशिवाय त्यांना प्रार्थना केल्यासारखं वाटत नसे. "तुज्या आईचा देव लई सोशिक हाय, त्येच त्येच पन्नास डाव ऐकतो," असं ते मला सांगायचे. माई म्हणायची, "तुमच्या देवाला ऐकू येत नसणार, म्हणून टाळ लागतात."

तिसरी तऱ्हा माझी. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी एकवीस वर्षांची होते आणि आम्ही राहायचो त्या सोलापुरातच, सिस्टरांच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवत होते. त्या वर्षी ख्रिसमसच्या सुट्टीत सिस्टरांनी मला पुण्याला आठ दिवसांच्या मौन रिट्रीटला, म्हणजे न बोलता करायच्या प्रार्थना-शिबिराला, पाठवलं. तिथं मी एका जुन्या स्पॅनिश सैनिकाची पद्धत शिकले. हा सैनिक पुढं संत झाला. रोज रात्री जेवणाआधी शांत बसायचं, दिवस आठवायचा, कुठं चुकलो ते बघायचं आणि एका छोट्या वहीत लिहायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. परत आले ती डोक्यात हवा घेऊनच. माईचा तेर्स मला घोकंपट्टी वाटायला लागला आणि बाबांचं भजन नुसता गोंगाट. हे मी दोघांना बोलूनही दाखवलं.

आमच्या चर्चमध्येही हाच प्रकार होता. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमधून मराठीत येऊन काही वर्षं झाली होती, पण रेल्वेवाल्या घरांतल्या गोवेकर बायका अजून मिस्सा चालू असताना पदराखाली मणी ओढत. विणकर घरांतल्या बायका तेलुगूत पुटपुटत, मरियेच्या पायाशी फुलं वाहत आणि मध्येच गुडघ्यांवर चालत वेदीपर्यंत जात. गिरणीतले मराठी लोक भजनाची पेटी पुढं आणून बसत. दर रविवारी कुणाच्या आवाजात कुणाचा आवाज बुडाला यावरून बाहेर लिंबाखाली कुरबुर होई. नवे फादर तरुण होते आणि कुणालाच दुखवायचं नाही असं ठरवून सगळ्यांनाच दुखवत.

या सगळ्यात बाबांचं एक दुखणं होतं. पाच वर्षं त्यांनी कम्युनियन घेतलं नव्हतं. रविवार चुकवायचे नाहीत. भजनाला टाळ धरायचे. पण पवित्र भाकर घ्यायची रांग लागली की शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायचे. कन्फेशन, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली, केल्याशिवाय रांगेत उभं राहायचं नाही, हे ते मानत, आणि कन्फेशनला काही जात नसत. माईनं त्यासाठी नोव्हेनाच्या किती नवस-प्रार्थना केल्या त्याला गणती नाही. विचारलं की एकच उत्तर, "मन साफ न्हाय."

पाच वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला होता. आठ वर्षांचा होता. मेंदूज्वर. त्या बुधवारी दुपारी ताप चढला, तेव्हा माईनं मला बाबांच्या कामावर, रेल्वेच्या लोको शेडमध्ये, त्यांना बोलवायला पळवलं. चर्च वाटेतच होतं आणि बुधवारचा नोव्हेना नुकताच सुरू झाला होता. मी सोळा वर्षांची, माईच्या हाताखाली वाढलेली. मला वाटलं, आधी मरियेला सांगावं, मग बाबांना. अर्धा तास गुडघ्यांवर बसले आणि मनापासून प्रार्थना केली. मग शेडमध्ये गेले. बाबांनी त्याला उचलून रेल्वेच्या दवाखान्यात नेलं, पण दुसऱ्या दिवशी तो गेला. अर्ध्या तासानं फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. घरात त्यावर पुन्हा कधी कुणी बोललं नाही. बाबा देवावर रुसलेत, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं.

त्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला तेव्हा मी त्यांना एक वही आणून दिली आणि माझी पद्धत समजावून सांगितली. तीस वर्षं बॉयलरवर घण घालून त्यांचे कान गेले होते, त्यामुळं समजावणंही ओरडूनच करावं लागलं. त्यांनी वही उलटसुलट करून पाहिली.

"म्हंजी इंजनाच्या रिपेअर बुकावानी का? डायवर दोष लिवतो, आमी कारण आन् दुरुस्ती लिवतो, तसं?"

"हो बाबा, अगदी तसंच," मी म्हटलं. एवढ्या लवकर कळलं म्हणून मला माझंच कौतुक वाटलं.

त्यांनी पट्टी घेऊन रकाने आखले. दोष, कारण, दुरुस्ती. पुढचे चाळीस दिवस रोज ड्यूटीवरून आल्यावर ते हातपाय धुऊन पाच मिनिटं वही घेऊन बसत आणि मग ती शर्टाच्या खिशात घालून वरून बटण लावत. माई तेर्स म्हणता म्हणता एक डोळा त्या खिशावर ठेवून असायची. मी वही कधी उघडली नाही, उघडायचीच नसते.

ईस्टरला आठवडा उरला होता. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, बाबा आपण होऊन म्हणाले, "चला, आज जातो मी." माईनं हातातलं लाटणं तसंच खाली ठेवलं.

चर्चमध्ये गर्दी होती. पत्रा तापलेला, पंखे नावाला. कन्फेशनच्या लाकडी खोक्यापाशी रांग होती. बाबा आत गेले, त्यांच्या मागं माझा नंबर. आतल्या जाळीला तोंड लावून कुजबुजायचं असतं, हे बाबा विसरले नसतील. पण ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यानं कुजबुजायचं कसं? शेडमध्ये फोरमनला रिपोर्ट द्यावा तसा आतून आवाज आला.

"दोष! साहेबाला शिवी दिली. कारण! त्यानं रजा दिली न्हाय. दुरुस्ती! माफी मागितली."

बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. फादर आतून "हळू, हळू" म्हणत असावेत, पण ते बाबांना कुठलं ऐकू येणार?

"दोष! बायकोच्या जपमाळंला हसलो."

मला धरणी दुभंगावी असं वाटलं. तेवढ्यात माई उठून उभी राहिली, मणी वर धरले आणि भर चर्चमध्ये खड्या आवाजात "नमान मारिये" सुरू केलं. आजवर ती चारचौघांत मोठ्यानं बोललेली मी पाहिली नव्हती. गोवेकर बायकांनी लगेच पुढचं उचललं. मागच्या तेलुगू बायका एकमेकींकडे पाहून त्यांच्या भाषेत उत्तर देऊ लागल्या. मग गिरणीतल्या एका म्हाताऱ्यानं टाळ्या देत भजन धरलं. एरवी एकमेकांच्या आवाजावरून भांडणारी ही माणसं एका माणसाची पापं झाकायला जीव तोडून ओरडत होती. ताल नाही, सूर नाही, भाषा तीन. मला त्या सगळ्यांचा फार अभिमान वाटला आणि तितकीच स्वतःची लाज.

बाबांना तो गलबला कुठंतरी घणघणल्यासारखा जाणवला असावा. शेड सुरू झाली की आवाज चढवायचा, ही सवय. त्यांनी चढवला. इतरांना शब्द कळले नसतील, पण मी खोक्याला टेकून उभी होते, आणि रिट्रीटपासून गप्प राहायची सवय लागल्यानं त्या ओरडण्यात मी नव्हते.

"दोष! पोरीवर राग हाय. कारण! ती त्या बुदवारी हितं थांबली. दुरुस्ती... पाच वर्सं करतोय फादर, व्हईना. पोर लई गुणाची हाय. तिला कळता कामा न्हाय."

दुसऱ्याचं कन्फेशन कानावर पडलं तरी बाहेर बोलायचं नसतं, असा नियम आहे. तो मी इथं मोडते आहे. तक्रार माझ्याबद्दलची होती, तेवढा हक्क माझा समजावा.

थोड्या वेळानं बाबा बाहेर आले. घामानं निथळत होते. चर्चभर चाललेला गोंधळ त्यांनी पाहिला आणि काय झालं असेल ते त्यांच्या लक्षात आलं. माझ्याजवळ येऊन त्यांनी माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं. ओठ वाचायचे, म्हणून ते नेहमीच असं बघत.

"आवाज भाईर आला का गं?"

"नाही बाबा," मी ओठ नीट हलवत म्हटलं. "मी तेर्स म्हणत होते."

त्यांनी मान हलवली आणि माईशेजारी जाऊन बसले.

मग माझा नंबर. आत गेले आणि नेहमीची पापं सांगितली. वर्गात मुलांवर ओरडले, घरच्यांना तुच्छ लेखलं. फादर जाळीच्या जवळ सरकले.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं.

"नाही, फादर."

दुसऱ्या दिवशी कम्युनियनच्या रांगेत बाबा माझ्यापुढं उभे होते. पाच वर्षांनी त्यांनी भाकर घ्यायला जीभ पुढं केली. त्यांचा राग गेला होता की नुसता झाकला होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मनापासून केलेल्या प्रार्थनेचा माझा तो अर्धा तास बरोबर होता की चूक, हेही नाही. बाबांच्या मागोमाग मीही पुढं गेले. बाबांना सांगितलेलं ते खोटं मी आजवर कुठल्याच फादरला सांगितलेलं नाही. पश्चात्ताप झाला तरच सांगायचं असतं, आणि मला तो होत नाही.