करंगळीएवढं भोक

आमच्या शेजारच्या काकांनी पाचूबंदरला जन्मभर मासेमारीची जाळी विणली. आता ते लोकर विणायचं गोल मशीन चालवायला शिकतायत. हँडल फिरवलं की खालून विणलेली नळी उतरते. अशा नळ्या जोडून लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी ब्लँकेट करायचंय. मला राहवत नाही, मी काहीतरी निमित्त काढून बघायला जाते.

हँडल ते होडी वल्हवल्यासारखं जोरात फिरवतात, त्यामुळे टाके निसटतात. निसटला टाका की काका मशीन थांबवून तिथे जाळ्याची गाठ मारतात. गाठीपाशी लोकर आवळते आणि नळी वाकडी होते.

"काका, उसवून पुन्हा घ्या ना," मी एकदा म्हटलं.

"जालं कोन उसवतं काय, बाय? फाटलं तिथं सांधायचं!"

काल ब्लँकेट पूर्ण झालं. काका ते मांडीवर घेऊन जागोजागी करंगळी घालून बघत होते. एका गाठीशेजारी ती आत गेली.

"पोराचं बोट अडकंल इथं," ते पुटपुटले.

आयुष्यभर मासे अडकावेत म्हणून भोकं विणणाऱ्या काकांनी चष्मा पुसला, लोकरीचं टोक शोधलं आणि उसवायला घेतलं.