वर्षाराणीचा मोर आणि ओला अंगठा

रिठदच्या वर्षाराणीचा मोरावर हात बसलेला. गावात कुणाच्याही मुलीचं लग्न निघालं, की रुखवतात मांडायचा पुठ्ठ्यावरचा मोर तीच काढणार. पण गेल्या वर्षी भावकीतल्या गोमतीआत्यानं रंग पक्का आहे का बघायला ओला अंगठा मोरावर फिरवला आणि मानेचा रंग पार पसरला. अख्खा मांडव खदखदून हसला. ते हसू वर्षाराणीच्या जिवाला फार लागलं. आता तर सख्ख्या बहिणीचं, निकिताचं लग्न होतं. पुन्हा हसं होऊ द्यायचं नाही, एवढं तिनं पक्कं ठरवलं.

रिसोडला नमराच्या वह्या-पेनांच्या दुकानात जाऊन तिनं चकचकीत पुठ्ठ्याचे तुकडेच पसरले. स्वस्त पेनाच्या रंगात पट्टे उठत. महागाचा मार्कर सरसर चाले, रंग एकजीव बसे. पण त्या एकाच्या पैशात स्वस्ताचा अख्खा डबा यायचा. तिनं दोन्हींवर ओला अंगठा घासला. स्वस्त वाहून गेला, महाग जागचा हलला नाही.

"ताई, खालची नवरा-नवरीची नावं त सस्त्या पेनानं लिहा. त्यायले कायले महागाचा घासता?" नमरा म्हणाली. गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणारी दुकानदारीण विरळाच! वर्षाराणीला पटलं. नावांना कोण अंगठा लावतो?

लग्नात गोमतीआत्या पाण्याचा गडवा घेऊनच रुखवतापाशी आली. अंगठा बुडवून तिनं मोराची मान चांगली रगडली. मोर ढिम्म.

"हाव वं, पक्का हाय!" आत्याला म्हणावंच लागलं. वर्षाराणीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात नवरदेवाच्या दोस्तांनी पाहुण्यांवर सेंट फवारला. चार फवारे मोरावर आणि खालच्या नावांवर बसले. पाण्याला न जुमानणारा तो महागडा रंग सेंटातल्या स्पिरिटनं विरघळला आणि निळी मान पिसाऱ्यात उतरली. खाली स्वस्त पेनानं लिहिलेली नावं मात्र जशीच्या तशी.

वर्षाराणीचे डोळे भरून आले. पण त्या ठणठणीत नावांकडे नजर गेली आणि तिलाच हसू फुटलं.

"आत्या, पाण्यात पास झाला, पण सेंटात नापास झाला ना वं!"

आधी ती हसली, मग सारा मांडव. आत्या तर गडवा धरून हसली. या खेपेला ते हसू वर्षाराणीला लागलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात ती पुन्हा नमराच्या दुकानात हजर. पिशवीत पुठ्ठ्याचे तुकडे, पाण्याची बाटली आणि नव्या जावयाकडून हक्कानं मागून आणलेली सेंटची बाटली.