पॅरिसहून परत आलेली प्रार्थना

वीणा मांडीवर घेऊन बसलेल्या शारदामातेला प्रथम वंदन. कन्नड मुलखातल्या आपल्या या मराठी मंडळाच्या यंदाच्या शारदोत्सवानिमित्त आपल्यातल्या एखाद्या कलावंताविषयी चार शब्द लिहावेत, अशी मला आज्ञा झाली; आणि तत्क्षणी माझ्या डोळ्यांसमोर वर उचललेली एक तर्जनी उभी राहिली.

ती तर्जनी आमच्या अक्कांची. बसवनगुडीतल्या त्यांच्या घरी आपण गेलो आणि आत संगीत चालू असले, तर दार उघडले जाई, पण स्वागताचा शब्द येत नसे. फक्त बोट वर. एकदा गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेतलेला मनुष्य तसाच उंबऱ्यात उभा राहिलेला मी पाहिला आहे. "स्वल्प थांबा, तिला पुरं करू द्या," अक्का कुजबुजल्या. तो बिचारा "सरी, अम्मा" म्हणून थांबला, आणि कौतुक असे की सिलिंडर खाली ठेवायचेही त्याला सुचले नाही.

'तिला' म्हणजे एका फ्रेंच मुलीला. शंभरएक वर्षांपूर्वी होऊन गेलेली ती एक संगीतकार.

अक्का मूळच्या नागपूरच्या. विमानांच्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी फ्रेंच यंत्रपुस्तकांची भाषांतरे करत सारी नोकरी काढली. लग्न केले नाही. कारखान्यात आलेल्या कोण्या फ्रेंच अभियंत्याच्या पत्नीने निघताना त्यांना एक ध्वनिमुद्रिका भेट दिली, तेव्हापासून ही मुलगी त्यांच्या घरी राहायला आली. तिच्यासाठी अक्का चाळिशीत इथल्याच शिवाजीनगरजवळच्या एका वृद्ध बाईंकडे पियानो शिकल्या.

तिचे चरित्र त्या असे सांगत की ऐकणाऱ्याला वाटावे, ही यांची भाचीच. "दोन वर्षांची असताना आजारी पडली, ती पुन्हा धड बरी झालीच नाही हो. वडील लवकर गेले. पण एकोणिसाव्या वर्षी देशातलं मोठं पारितोषिक मिळवलंन्! तोवर संगीतासाठी ते एकाही बाईला दिलं नव्हतं. चोवीस वर्षांची होती, गेली तेव्हा. शेवटची रचना लिहायला हातात बळ नव्हतं, म्हणून अंथरुणावरून एकेक स्वर सांगितला आणि थोरल्या बहिणीनं लिहून घेतला." एवढे सांगून अक्का माझ्या पत्नीकडे अशा पाहत, की तिने आता वही घेऊन बसलेच पाहिजे.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात त्या आमच्याकडे आल्या. हातातली कपबशी किणकिणत होती.

"शास्त्रीअण्णा, डॉक्टर म्हणतात, कंपवात आहे. बोटं आणखी काही महिने ऐकतील, पुढचं सांगता येत नाही. तिचं एक गाणं एकदा तरी आपल्या माणसांनी गायलेलं मला ऐकायचंय. साथ मी करीन. शब्द तुम्ही द्या."

ते गाणे म्हणजे एक प्राचीन बौद्ध प्रार्थना. भारतातले शब्द फ्रेंचमध्ये गेले आणि या मुलीने त्यांना स्वर दिले. श्वास घेणाऱ्या प्रत्येक जीवाचे कल्याण चिंतणारी ती प्रार्थना मला परकी वाटण्याचे कारणच नव्हते.

"पॅरिसला जाऊन आलीये," अक्का म्हणाल्या. "आता तिला घरी आणू."

मी आठ दिवस बसून शुद्ध अनुष्टुभात चार श्लोक रचले. एक अक्षर इकडचे तिकडे नव्हते. अक्कांनी ते वाजवून पाहिले, पुन्हा वाजवले, आणि अत्यंत आदराने मला परत केले.

"श्लोक सुरेख आहेत अण्णा. पण तिच्या ओळी लहानमोठ्या आहेत. तुमचे सगळे सैनिक एका उंचीचे. साधं मराठी द्या ना, घरात बोलतो तसं."

पन्नास वर्षांची संस्कृताची साधना बाजूला ठेवून मी साधे मराठी लिहिले. ते सर्वांत अवघड गेले.

मंडळाचे कार्यवाह पुण्याहून आलेले, संगणक कंपनीतले तरुण गृहस्थ. ते म्हणाले, "अक्का, रिस्पेक्ट आहे, पण ऑडियन्स कनेक्ट नाही होणार. त्यापेक्षा एखादं नाट्यगीत बसवा की."

"नाट्यगीत दरवर्षी होतं. ते आजारी नाही," अक्का म्हणाल्या. कार्यवाहांनी सात मिनिटे मंजूर केली.

गाणार कोण? आमच्या भजनी मंडळाच्या भगिनी. अक्कांनी विलायती स्वरलिपीचे सारेगम करून प्रत्येकीला कागद दिला. अडचण एवढीच, की या संगीतात एकाच वेळी तीन गटांनी तीन निराळे स्वर धरायचे असतात. आमच्या भगिनी संस्कारी. शेजारीण वेगळे गाते आहे असे दिसताच, तिला एकटे का पाडावे म्हणून त्या तिच्या स्वरावर जात. झांजा वाजवणाऱ्या वहिनींनी तर स्पष्टच विचारले, "अक्का, सगळ्यांना एकच सूर दिला तर तुमच्या मुलीला राग येईल का?"

"राग नाही येणार. पण ती एकटी पडेल," अक्का म्हणाल्या.

त्या दिवसापासून वहिनी कानात बोट घालून आपला स्वर धरू लागल्या.

कोजागरीच्या आधीच्या रविवारी कार्यक्रम झाला. अक्का कीबोर्डपाशी बसल्या, तेव्हा त्यांचे हात इतके थरथरत होते की मी मान खाली घातली. पहिला स्वर लागला आणि थरथर कुठल्या कुठे गेली. तीन स्वर एकमेकांवर अलगद चढले. मागच्या रांगेत वडा खाणारी मंडळी वडा हातात धरून राहिली. कार्यवाहांनी फोन खिशात टाकला.

आणि मग शेवट आला. तो अतिशय संथ, विझत जाणारा शेवट, महिनाभर घोटलेला. पण चाळीस वर्षांची सवय काय ती! भजनाचा शेवट जवळ आला की लय दुप्पट करायची, हे वहिनींच्या मनगटांना ठाऊक. झांजा वाजवायच्या नाहीत अशी ताकीद असूनही त्या पिशवीतून बाहेर आल्या. छन् छन् छन्! भगिनी उसळल्या. सभागृह टाळ्या धरू लागले.

अक्कांचा डावा हात वर उठला, तर्जनी ताणलेली. आता सर्व थांबणार, असे मला वाटले. तो हात क्षणभर हवेत राहिला आणि परत पट्ट्यांवर आला. अक्का धावू लागल्या. सत्तरी ओलांडलेली ती आजारी बोटे झांजांच्या पुढे धावत होती. शेवटी "बोला, पुंडलिकवरदे हारी विठ्ठल" झालेच. फ्रेंच संगीताच्या इतिहासात ते प्रथमच झाले असावे.

वहिनी रडवेल्या होऊन पाया पडायला आल्या. "अक्का, मी वाट लावली हो!"

अक्कांचा श्वास लागला होता. डोळे पुसत, हसत त्या म्हणाल्या, "अगं, जन्मभर अंथरुणात होती ती. आज पळाली."

त्यानंतर त्यांनी वाद्याला हात लावलेला मला आठवत नाही. पुढच्या माघात, झोपेतच, अक्का गेल्या.

भजनी मंडळ मात्र ती प्रार्थना दर शनिवारी म्हणते. तीन स्वरांत, आणि शेवटी दुप्पट लयीत. परवा देवळात एका शेजारणीने कन्नडमध्ये विचारले, "इदु यार हाडु?" हे गाणे कोणाचे?

वहिनी आपल्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "आमच्या अक्कांना एक मुलगी होती. तरुणपणीच गेली. तिचं."

मी सर्वांच्या चुका सुधारत आलेला मनुष्य. जवळच उभा होतो. काही बोललो नाही.

वाचकहो, तुमच्या घरात जे जे श्वास घेते, म्हातारे, तान्हे, दुखणाईत, अंगणातले पाखरूसुद्धा, ते सर्व निर्भय असो. आणि तुमच्या उंबऱ्याच्या आत कोणीही एकटे न पडो.