फाट्याची मुभा

सुमनबाईला कुणी जेवायला बसवलं आणि भाजीत मीठच नसलं, तर ती आणखी एकदा भाजी मागून घेईल, पण मिठाचं नाव काढणार नाही. समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून आपण सोसायचं, ही तिची रीत. पेडगावच्या माहेरी तिला लहानपणापासून शिकवलं होतं, की मागणाऱ्याची पत जाते. लोक तिला गोड स्वभावाची म्हणायचे. या गोडव्यापायी तिचं काय गेलं, ते लोकांना अजून धड ठाऊक नाही.

देवगाव फाट्याला शिवाप्पांची डाळ मिल आहे. मशीन तूर भरडतं, सालपटं उडवतं, सगळं करतं. पण मशीनमधून सुटलेले खडे आणि काळे दाणे निवडायला शेवटी बायाच लागतात. नवरा गेल्यापासून सुमनबाई तिथं निवडायला बसते. काम म्हणाल तर धुळीचं, संध्याकाळी पाठ धरणारं. पंखा एकच, तोही कुरकुरणारा. पाणी रांजणातलं, चहा ज्याचा त्यानं आणायचा. तरी तिथली एखादी बाई काम सोडणार असं कळलं, की आजूबाजूच्या गावांतल्या बाया वशिला लावायला धावायच्या. त्याचं कारण होतं फाट्याची मुभा.

ही मुभा म्हणजे काय, तर फाट्यावर जिंतूरच्या, सेलूच्या, मंठ्याच्या सगळ्या गाड्या थांबतात. या बायांच्या लेकी ह्याच रस्त्यांवरच्या गावांत दिलेल्या. सासरहून माहेरी राहायला जायचं म्हटलं की सासूचं डोकं दुखतं, पण दवाखान्याला किंवा सोयऱ्याच्या लग्नाला जाताना सून फाट्यावर गाडी बदलायला उतरली, तर तिला कोण काय म्हणणार? तर लेकीचा गाडीतून फोन यायचा, आणि माय पुढ्यातलं सूप बाजूला सारून, पदर झटकून फाट्यावर जायची. दुसरी गाडी लागेपर्यंत दोघी बोलायच्या. कुणाला विचारायचं नाही, कुणी पगार कापायचा नाही.

शिवाप्पांनी हे सुरू केलं ते काही मोठा विचार करून नव्हे. त्यांची लेक रुद्राणी बिदरकडं दिलेली. ती यायची असली की आप्पा व्यापारी समोर बसलेला सोडून फाट्यावर जाऊन उभे राहायचे. एकदा परत येताना त्यांनी पाहिलं, की एका बाईचा फोन वाजतोय आणि ती त्यांच्या तोंडाकडं बघत बसलीय. तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लेकीची गाडी आली की उठायचं. मला इचारत बसायचं न्हाई."

सुमनबाईची राजेश्री येलदरीला दिलेली. जावई धरणावर मासे धरायचा, थोडी शेतीही होती. सासूच्या औषधासाठी राजेश्री अधूनमधून जालन्याला जायची, आणि जाता-येता फाट्यावर मायलेकींची गाठ पडायची. बोलायला तसं काही नसायचंच. सुमनबाई नातवाला कडेवर घ्यायची, राजेश्रीची सुटलेली वेणी तिथंच उभ्या-उभ्या घालून द्यायची, फडक्यात बांधलेले धपाटे तिच्या पिशवीत कोंबायची. राजेश्री म्हणायची, घरी आलं की निघताना रडू येतं. इथं रडायला सवडच न्हाई, हे बरं हाय. त्या भेटीवर सुमनबाईचे पुढचे कैक दिवस निघायचे.

शिवाप्पा लिंगैक्य झाले आणि कारभार सूनबाईंकडं आला. स्वप्नावैनी लातूरकडच्या, शिकलेल्या, आणि मनानं चांगल्या. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण या गोष्टीत वाईट कुणी नाही आणि तरी वाईटच झालं. बायांची ती खोली, तो रांजण, तो कुरकुरता पंखा पाहून त्यांना खरोखर लाज वाटली. आपण काहीतरी करायचंच, असं त्यांनी ठरवलं. आणि आपल्या मनानं न करता बायांना विचारून करायचं ठरवलं. त्यांनी सगळ्यांत जुन्या सुमनबाईला ऑफिसात बोलावलं, खुर्चीवर बसवलं, स्वतःच्या हातानं कपबशीत चहा ओतून दिला.

मावशी, अगदी मोकळेपणानं सांगा, असं म्हणून वैनींनी एकेक विचारलं. कूलर बसवू का? शुद्ध पाण्याचं मशीन? जेवायला वेगळी खोली, खुर्च्या? दुपारी मिलचा चहा? सुमनबाई सगळ्याला हो म्हणत गेली. मग वैनी म्हणाल्या, की खाण्याचा माल आहे, तपासणीला येणारे लोक बायांच्या सारख्या आत-बाहेर करण्यावर बोट ठेवतात. फोनसुद्धा कामाच्या वेळी पेटीत ठेवावेत असं त्यांचं म्हणणं.

"गेट चहाच्या सुट्टीपर्यंत बंद ठेवलं, तर कोणाची अडचण होईल का, मावशी? हे जाणं-येणं आप्पांनी चालू ठेवलेलं आहे, म्हणून विचारते."

इतकं सरळ कुणी मालक विचारत नाही. उत्तर सुमनबाईच्या जिभेवर होतं. पण हातात वैनींची कपबशी होती. एवढं सगळं देऊ करणाऱ्या माणसाला एका गोष्टीला नाही म्हणायचं, म्हणजे ताटात वाढलेलं परत सारण्यासारखं. आणि खरं सांगायचं तर खुर्चीवर बसून सगळ्यांच्या वतीनं बोलताना तिला थोडं मोठं वाटत होतं, आणि ते मोठेपण तिला शहाण्या, समजूतदार बाईसारखं निभवायचं होतं. माणसाला काय हवं ते त्यालाच विचारावं, हे शंभर टक्के खरं. पण आमच्याकडं खुर्चीवरून विचारलं की उत्तर खुर्चीला आवडेल तेच मिळतं.

"न्हाई वैनी," ती म्हणाली, "कुनाचं काय आडतंय."

महिन्याभरात खोलीचं रूप पालटलं. कूलर आला, गार पाणी आलं, बिस्किटासकट चहा आला; गेटही बंद झालं आणि फोन पेटीत गेले. खुर्च्यांवर बायांनी डबे ठेवले आणि आपण खाली मांडी घालून जेवल्या. वैनींना कळेना, इतकं करून सगळ्यांची तोंडं उतरलेली का. दोघी तर काम सोडून गेल्या. सुमनबाईशेजारी बसणारी बायनाबाई तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "गारवा दिला, पर दार लावून घेतलं की." बाकीच्या बाया वैनींना बोल लावू लागल्या, आणि सुमनबाई मान खाली घालून खडे वेचत राहिली. आपल्यालाच विचारलं होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. ठाऊक होतं ते फक्त गेटवरच्या भागवतला, कारण वैनींनी त्याला हुकूम देताना सांगितलं होतं, की मावशींना विचारूनच केलंय.

त्याच सुमाराला जावयाला चाकणला कंपनीत काम लागलं. बिऱ्हाड घेऊन जायचं ठरलं, आज-उद्या करत दिवस काही पक्का होईना. आणि एका दुपारी भागवत आत येऊन सुमनबाईजवळ वाकला. म्हणाला, राजेश्री गेटावर हाय, लेकरू संगं हाय, सामानसुमान घेऊन निघालेत. वैनीला एक शब्द इचारून या, मी उघडतो.

सुमनबाई उठली. ऑफिसच्या दारापर्यंत गेली. वैनी कुणाशी तरी बोलत होत्या. लेक आलीय, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणायचं कुणाला, तर जिला आपण तोंडानं सांगितलं की कुणाचं काही अडत नाही, तिलाच. म्हणजे आपण तेव्हा खोटं बोललो हे कबूल करायचं, आणि तेही परक्या माणसादेखत. वैनींनी वर पाहिलं, हसल्या, आणि विचारलं, "काय मावशी?"

"काय न्हाई वैनी. पानी प्यायला आले."

दाराशीच ते नवं मशीन होतं. सुमनबाई खरंच ग्लासभर गार पाणी प्यायली आणि जागेवर येऊन बसली. चहाची सुट्टी आता होईलच, असं ती मनाला सांगत राहिली. पोरगी माझीच आहे, थांबेल. हात डाळीत होते, पण खडा कुठला आणि दाणा कुठला ते दिसत नव्हतं. सुट्टीची घंटा झाली तशी ती पळत सुटली. गेटबाहेर कुणी नव्हतं. फाट्यावर एक म्हातारा तेवढा जिंतूरच्या गाडीची वाट बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी भागवतकडून वैनींना कळलं. त्या खोलीत येऊन सुमनबाईवर रागावल्या. मी काय राक्षसीण आहे का मावशी, असं त्यांनी विचारलं. त्याच दिवसापासून गेट पुन्हा उघडं झालं. हातपाय धुऊन आत यायचं, एवढीच अट; फोनही पेटीतून बाहेर आले. परवा बायनाबाईची लेक येऊन गेली. आता कूलर, पाणी, मुभा, सगळंच आहे, आणि बाया वैनींना दुवा देतात. सुमनबाईला मात्र कुणाची गाडी बघायची नाही. राजेश्री आता सणावारालाच येणार, आणि आली तरी आधी सासरी.

चाकणहून फोन आला तो सुट्टीच्या दिवशी. राजेश्रीनं खोली कशी आहे, पाणी कधी येतं, लेकराला तिथली हवा मानवते का, सगळं सांगितलं. मग म्हणाली,

"माय, एक इचारू का? भागवतमामा म्हनले, गेट तुला इचारूनच बंद केलं. तू म्हनली व्हतीस म्हनं, कुनाचं काय आडत न्हाई. खरं हाय का?"

न्हाई म्हणणं सोपं होतं. भागवतला काय कळतं, असं म्हटलं असतं तरी लेकीनं मानलं असतं, किंबहुना तिला तेच ऐकायचं होतं. जन्मभर सुमनबाईनं समोरच्याला हवं तेच ऐकवलं होतं. या वेळी मात्र तिच्यानं झालं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "म्हनले व्हते."

"मी दोन गाड्या सोडल्या, माय. हे वरडायलते, तरी सोडल्या. म्हनलं, मायला सांगावा गेलाय, तर ती येतीयच."

सुमनबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला. "मला यायचं व्हतं, राजे," ती म्हणाली. "लय यायचं व्हतं."

"मग तसं म्हनायचं की, माय," राजेश्री म्हणाली. तेवढ्यात तिकडं लेकरू रडायला लागलं, आणि तिनं फोन ठेवला.