न पोचलेलं मत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अश्विनीलाही नाही — आणि बायकोपासून काही लपवत नाही अशी शारजातल्या आमच्या मंडळात माझी ख्याती आहे. ख्यातीचं काय, पसरवली की पसरते. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि उद्या दुपारी डबा उघडून माझ्यासमोर बसणार नाही.

आधी माझं काम सांगतो, कारण गुन्हा कामातूनच झाला. दुबईतल्या जबल अली बंदरात मालवाहतुकीच्या एका कंपनीत मी कागदपत्रं सांभाळतो. बावीस वर्षं झाली. जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक पेटीमागे कागदांची चळत असते, आणि त्यातला एक कागद चुकला तर माल बंदरात अडकून पडतो. माझ्या हातून कागद हरवत नाही. नव्या पोरांना साहेब सांगतात, यांच्याकडे दिलं म्हणजे पोचलं समजा. हे ऐकताना मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, विनय.

अविनाश आमच्या कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑफिसातून इथं बदलून आला. मूळचा तासगावचा, मी मिरजेचा. वय एकच. तो पंचविशीत अमेरिकेला गेला आणि यथावकाश तिथला नागरिक झाला. मीही जाणार होतो. व्हिसाच्या खिडकीवरून दोनदा परत आलो, मग कुणीतरी दुबईचं सुचवलं. असो. पहिल्याच आठवड्यात त्यानं माझ्या डब्यातली शेपूची भाजी चाखली आणि दुसऱ्या आठवड्यापासून अश्विनी दोन पोळ्या जास्त द्यायला लागली. दोस्ती खरी होती, हे सांगून ठेवतो. मला तो आवडायचा. आवडत्या माणसाचा हेवा वाटत नाही असं कुणी म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

हेवा कशाचा? पगाराचा होता थोडा. दुबई मरीनातल्या त्याच्या फ्लॅटचा होता — मी रोज शारजातल्या अल मजाजहून कंपनीच्या बसनं दीड तास येणार आणि हा कॉफी पीत दहा मिनिटांत. पण ते चालतं, त्याची सवय होते. माझं पोट दुखायचं ते दुसऱ्याच गोष्टीनं. हसाल तुम्ही. मला त्याच्या तक्रारींचा हेवा वाटायचा.

रोज दुपारी तो सुरू व्हायचा. तिकडं अमेरिकेत सरकार ठप्प करून ठेवलंय, कर्मचाऱ्यांना पगार नाही, आणि हे दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवतायत. आपण सातासमुद्रापार राहतो तरी करांचे फॉर्म दरवर्षी भरायचे, आणि त्या पैशाचं हे काय करतात? टीव्हीवाल्यांचं तर विचारूच नका. एक चॅनल लावलं तर देश बुडाला, दुसरं लावलं तर देश तरला, आणि दोघांनाही हवं काय, तर मी चिडून समोर बसून राहावं. फोन पुढं करून तो मला दाखवायचा, बघ, हीच बातमी, दोन मथळे. एकदा तर माझ्यादेखत त्यानं आपल्या मतदारसंघातल्या लोकप्रतिनिधीच्या ऑफिसला फोन लावला आणि मशीनवर दोन मिनिटं निरोप ठेवला. नाव, गाव सांगून. 'मी तुमच्यावर नाराज आहे' म्हणाला. फोन ठेवला आणि पोळीचा तुकडा मोडला.

माझा घास हातातच राहिला. असं करता येतं?

तो चिडून 'माझं सरकार' म्हणायचा. हरामखोर आहे, पण माझं. इथं मी पाहुणा. चांगला ठेवलेला पाहुणा, नाही म्हणत नाही — पण पाहुण्यानं आमटीत मीठ कमी आहे म्हणायचं नसतं. आणि मिरजेत? तिथं मत द्यायचं तर स्वतः जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. निवडणूक कधी माझ्या रजेत पडली नाही, आणि मी रजा कधी निवडणुकीसाठी टाकली नाही. यादीत माझं नाव अजून आहे की गेलं, हेही मी बघितलं नव्हतं. मला कुणावर नाराज व्हायचं असेल तर कुणाला फोन लावायचा? माझ्या नाराजीची वाट कोण बघतंय?

त्या वर्षी त्यांच्याकडं निवडणूक आली. त्याची मतपत्रिका ईमेलनं आली. ऑफिसच्याच प्रिंटरवर त्यानं ती छापली, भरली, पाकिटात घातली, त्यावर दुसरं पाकीट, सही. त्यांच्याकडं ती कागदावरच आणि ठरलेल्या तारखेच्या आत पोचावी लागते. वरच्या, मोठ्या पदांसाठीच्या नावांबद्दल त्याला काडीचं प्रेम नव्हतं. पण खाली शाळा समितीसाठी त्याची जुनी शेजारीण उभी होती, डोरोथी नावाची एक निवृत्त शिक्षिका. नव्यानं गेलेल्या या नवराबायकोला तिनं बर्फात गाडी चालवायला शिकवलं होतं. म्हणाला, "वरचे सगळे गेले खड्ड्यात, पण या बाईसाठी तरी व्होट जायलाच पाहिजे."

त्याला मंगळवारी सिंगापूरला निघायचं होतं. आमच्या ऑफिसातून दर गुरुवारी अमेरिकेच्या ऑफिसला एक सीलबंद थैली जाते, आम्ही तिला पाऊच म्हणतो. त्यातून पाकीट तिकडं गेलं की तिथली रिसेप्शनिस्ट साध्या टपालात टाकणार होती. पाऊच मी भरतो. पाकीट माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "तू आहेस म्हणून टेन्शन नाही, यार." आणि बॅग ओढत लिफ्टकडं गेला.

बुधवारी संध्याकाळी घरी जेवत होतो. माझी मुलगी इरा तेव्हा पंधरा वर्षांची. अविनाशच्या मुलीशी, ताराशी, तिची घट्ट मैत्री. तारानं तिला ती मतपत्रिका दाखवली होती. इरा भाताशी खेळत म्हणाली, "इट्स सो कूल, बाबा. अविनाश अंकल गेट्स टू चूज पीपल. यू व्होट व्हेअर?"

मी म्हटलं, आधी जेव.

"बट व्हेअर?"

अश्विनीनं तिला दही वाढलं आणि विषय संपला. इराच्या मनात काही नव्हतं, ती लगेच फोनमध्ये गेली. पण मी? मी त्या टेबलाशी बसून काय झालो ते कसं सांगू? लेकीच्या डोळ्यांत तो माणूस कुणीतरी होता आणि मी तिला शाळेत सोडणारा, फी भरणारा, व्हिसाच्या तारखा लक्षात ठेवणारा. जळफळाट हा शब्द मी पुष्कळदा वापरला होता. त्याचा अर्थ त्या रात्रीच्या जेवणात कळला.

गुरुवारी पाऊच भरला. बाकी सगळं घातलं. पाकीट ट्रेमध्ये दिसत होतं — मी ते विसरलो नव्हतो, हे नीट ऐका. उचललंही होतं. त्याची ती गोल गोल सही बघितली, पाकीट पुन्हा खाली ठेवलं आणि पाऊचला सील लावलं. चार वाजता कुरियरवाला आला, मी त्याला चहा विचारला. पुढच्या गुरुवारचा पाऊच पोचेपर्यंत तारीख उलटून गेली असती. हे मला ठाऊक होतं. तारखा हेच तर माझं काम.

त्याच दिवशी अविनाशचा सिंगापूरहून फोन. गेलं का? मी म्हटलं, गेलं. एका शब्दात. त्यानं माझे आभार मानले, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. कितीतरी वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

ते पाकीट दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः कागद कापायच्या मशीनमध्ये घातलं. आतली बाकीची मतं कुणाला होती ते बघितलं नाही. एवढी सभ्यता मी पाळली.

निकाल लागला. डोरोथीबाई हरल्या, थोडक्यात हरल्या. एका मतानं नाही — हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल! अविनाशनं त्यांच्या वेबसाइटवर बघितलं तर नावापुढं लिहिलेलं, मतपत्रिका मिळालेली नाही. त्यानं तिथल्या निवडणूक कार्यालयात फोन लावला. मी समोरच होतो, डब्याचं झाकण हातात. पलीकडं कुणी कारकून बाई होत्या. त्यांच्यावर तो असा ओरडला की काचेपलीकडली माणसं वळून बघायला लागली. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी बघितलं, आणि साप तर टेबलाच्या या बाजूला वरणभात कालवत होता. दोन दिवसांनी त्या बाईंचा परत फोन आला. त्यांनी सगळे गठ्ठे पुन्हा एकदा स्वतः शोधले होते. सापडलं नाही म्हणून त्यांनीच माफी मागितली. त्या बाईंचं नावही मला माहीत नाही.

पाऊचबद्दल त्यानं मला काही विचारलं नाही. एकदाही नाही. त्यानं टपाल खात्यावर संशय घेतला, पक्षांवर घेतला, टीव्हीवर कुणीतरी मतं गायब होतात म्हणत होतं त्याच्यावर — ज्याला तो रोज शिव्या द्यायचा — पहिल्यांदा विश्वास ठेवला. माझ्यावर संशय येणं त्याला सुचलंच नाही.

आणि मग तो गप्प झाला. मला जे हवं होतं ते मिळालं, असं म्हणा. दुपारी डबा उघडायचा, क्रिकेट, मुलींच्या परीक्षा, शेख झायेद रोडवरचं ट्रॅफिक. मशीनवर निरोप नाहीत, दोन मथळे नाहीत. मी एकदा मुद्दाम काडी लावली, तुमच्या त्या सरकारचं काय झालं? तो म्हणाला, "कुणाचं सरकार? सोड ना. खलास." तेव्हा मला कळलं, तो इतकी वर्षं चिडत होता ते का. ज्याची आशा सुटलेली नसते तोच माणूस तक्रार करतो. मी त्याची ती आशा काढून घेतली आणि माझ्या हाती काहीच आलं नाही. हेव्याचं असंच असतं का? दुसऱ्याचं जातं आणि आपल्याला मिळत नाही?

इथं थांबलो असतो तर तुम्ही मला एकदाच नालायक म्हणाला असता. पण थांबलो नाही.

दोन वर्षांनी, मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर, एका रविवारी अविनाश, त्याची बायको आणि तारा आमच्याकडं जेवायला आले होते. भरली वांगी केली होती. तारा नुकतीच अठराची झाली होती. जेवण झाल्यावर तिनं टेबलावर लॅपटॉप उघडला आणि मतदानाचा पहिला अर्ज भरायला घेतला; तो छापून, सही करून तिकडं टपालानं पाठवायचा होता. इरा तिच्या खांद्याला टेकून बघत होती. अविनाश सोफ्यावरून म्हणाला, "उगाच वेळ घालवू नकोस, बेटा. नोबडी काउंट्स इट. माझं विचार." ताराचा हात थांबला. ती बापाकडं बघेना. ती माझ्याकडं वळली. कागद कुठून निघतो आणि कुठं पोचतो हे या घरात, त्या घरात, ऑफिसात, सगळे मलाच विचारतात.

"काका, टेल मी ऑनेस्टली. विल इट रीच?"

उत्तर एका शब्दाचं होतं. पोचेल. मी स्वतः त्याच दुपारी तिला कुरियरच्या ऑफिसात घेऊन जाऊ शकलो असतो. पण मला वाटलं, हिचं पोचलं तर तिचा बाप विचार करायला लागेल की माझंच कसं नाही पोचलं. आणि — हेही सांगून टाकतो — इरा ज्या डोळ्यांनी त्या पडद्याकडं बघत होती, ते मला सहन झालं नाही.

मी म्हटलं, "काही सांगता येत नाही गं. मोठं लांबचं काम असतं."

ती म्हणाली, "ओके, काका." तिनं अर्ज अर्ध्यात बंद केला, लॅपटॉप मिटला आणि ताटं उचलायला अश्विनीच्या मागं आत गेली. अविनाशनं माझ्याकडं बघून मान हलवली, मित्र मित्राला हलवतो तशी. मी पण हलवली.